पगार कधी सुरू होणार?

बारावी सायन्सची एखादी मुलगी घरी सांगते की मला संशोधन करायचंय. त्यावर वडील पहिला प्रश्न विचारतात: मग पगार कधी सुरू होणार? करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत हा प्रश्न कोत्या मनाचा ठरवतात. मला तो अगदी रास्त वाटतो. एकाच्या मिळकतीवर पाच जणांचं घर चालतं, धाकट्याची फी अजून भरायची आहे, दोन एकरांवर सोसायटीचं कर्ज आहे, अशा घरानं हा हिशेब मांडलाच पाहिजे. मला खटकतं ते वेगळंच. या प्रश्नाचं खरं उत्तर त्या घरापर्यंत पोचत नाही. पोचतं ते एवढंच, की डॉक्टर-इंजिनिअर झालं तर पैसा, नाहीतर बीएस्सी करून बसावं लागतं.

विज्ञानाच्या क्षेत्रात हातात पैसा यायला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापासूनही सुरुवात होऊ शकते. कुठे शिष्यवृत्ती, कुठे प्रशिक्षण घेतानाचं विद्यावेतन, पुढे फेलोशिप. मात्र यातल्या बऱ्याच वाटांना वयाची किंवा वर्षाची अट आहे, आणि आपली पुष्कळ मुलं नेमकी तीच वर्षं नीट नाहीतर जेईई ‘रिपीट’ करण्यात घालवतात. पगार कधी सुरू होणार हे विचारणाऱ्या घरानं जोडीला आणखी एक विचारायला हवं: कुठलं दार कधी बंद होणार?

2024 साली नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे वीस-एकवीस जणांत एकाला जागा. उरलेल्यांतली कितीतरी मुलं आणखी एक वर्ष, मग आणखी एक, लातूरला, पुण्याला किंवा थेट कोट्याला खोली घेऊन राहतात. थोडक्यात हुकलं असेल तर पहिला ड्रॉप घ्यायला हरकत नाही. पण पहिल्या ड्रॉपलाही क्लासची फी नि खोलीचं भाडं हाच काय तो खर्च, असं समजू नये.

थांबलं की काही दारंही बंद होतात. उदाहरणार्थ केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती. ती 2008 पासून चालू आहे. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेला विद्यार्थी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, भूशास्त्र असा मूलभूत विज्ञानाचा विषय घेऊन बीएस्सीला किंवा एकात्मिक एमएस्सीला गेला, तर त्याला वर्षाला 80 हजार रुपये मिळू शकतात. त्यातले 60 हजार थेट खात्यावर येतात, 20 हजार उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी असतात. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीची फी भरून, खोलीभाडं देऊनही यातून काही उरतं. पण ज्या वर्षी बारावी झाली त्याच वर्षी पदवीला प्रवेश घेतलेला असावा लागतो. ड्रॉप घेतला की ही शिष्यवृत्ती गेली. बोर्डात उत्तम गुण मिळवून नीटसाठी थांबलेल्या मुलांना हे सहसा कुणी सांगत नाही.

दुसरं दार आयसरचं. मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या आणि पदवीपासूनच संशोधनाशी गाठ घालून देणाऱ्या या राष्ट्रीय संस्था. पुण्याची आणि कोलकात्याची 2006 साली सुरू झाली, आता देशात सात आहेत. पुण्याची आयसर पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला लागूनच आहे. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम, प्रवेशासाठी स्वतःची परीक्षा. तिला आयएटी म्हणतात. तीन तास, 60 प्रश्न; भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित यांचे पंधरा-पंधरा. नीट करणाऱ्याचं गणित कच्चं असतं, जेईई करणाऱ्याचं जीवशास्त्र सुटलेलं असतं, म्हणून दोघंही बिचकतात. पण चारही विषय पक्के असलेली मुलं फारच थोडी, तेव्हा तीन विषयांच्या जोरावरही ही परीक्षा देता येते. नीटसाठी जो अभ्यास झालेला असतो त्यातला पाऊण हिस्सा इथं जसाच्या तसा कामी येतो. अर्ज तेवढा वेळेवर भरलेला हवा. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईत कलिना परिसरातलं मूलभूत विज्ञानाचं अणुऊर्जा खात्याचं केंद्र यांची परीक्षा वेगळी. तिचं नाव नेस्ट.

या झाल्या पुस्तकाच्या वाटा. मला जास्त लिहायचंय ते हाताच्या वाटेबद्दल. तिच्याबद्दल आपल्याकडे जवळपास कुणीच बोलत नाही, आणि तिथं पगार सगळ्यांत आधी सुरू होतो.

भाभा अणुसंशोधन केंद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं शास्त्रज्ञ येतात. तुर्भ्याला 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी चालू झाली. लगोलग 1957 साली होमी भाभांनी प्रशिक्षण विद्यालय काढलं, कारण या कामासाठी तयार झालेली माणसं बाहेरून मिळणार नव्हती, ती इथंच घडवायची होती. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर याच विद्यालयातून पुढे आले. रुपारेल कॉलेज, व्हीजेटीआयची मेकॅनिकलची पदवी, मग तुर्भे. आजही इंजिनिअर आणि एमएस्सी झालेल्यांसाठी ही एक वर्षाची वाट चालू आहे. त्या काळात विद्यावेतन मिळतं आणि प्रशिक्षण यशस्वीपणे पुरं झालं की नेमणूक.

याच केंद्राची दुसरी भरती दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा आणि बीएस्सीवाल्यांसाठी असते. तिला स्टायपेंडरी ट्रेनी म्हणतात. यात दोन गट. विज्ञान-गणितासह दहावीला 60 टक्के आणि सोबत ठरावीक ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र, किंवा भौतिक-रसायन-गणित घेऊन बारावी, असा एक गट. त्यातून तंत्रज्ञ घेतात. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा बीएस्सी झालेल्यांचा दुसरा. त्यातून वैज्ञानिक साहाय्यक घेतात. प्रशिक्षण दोन वर्षांचं. अलीकडच्या जाहिरातींत विद्यावेतन महिन्याला वीस हजारांपासून पुढे होतं. वयाची अट खुल्या गटाला पहिल्या प्रकारात 18 ते 22 आणि दुसऱ्यात 18 ते 24, राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत. आता दोन-तीन ड्रॉप घेतलेल्या मुलाचं वय मोजून पाहा. बारावी अठराव्या वर्षी झाली, तीन वर्षं नीटमध्ये गेली की एकविसावं पुरं होतं. भरती दरवर्षी निघेलच असंही नाही. एक जाहिरात हुकली तर ते दार त्याच्यासाठी कायमचं बंद.

आयटीआयला आपल्या घरांत मान नाही. दहावीला कमी गुण पडले की तिकडं ढकलायचं, अशी रीत पडली आहे. महाराष्ट्रात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत, जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी एक. तिथं नेमकं काय शिकवतात हे पाहायला फारसं कुणी जात नाही. फिटर ट्रेडच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाच्या हाती माइल्ड स्टीलचा एक जाड तुकडा देतात. तो व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानशीनं घासून सपाट करायचा, मग शेजारची बाजू, तीही पहिलीशी बरोबर काटकोनात. तळहाताला फोड येतात. घासताना हात किंचित वर-खाली झाला की पृष्ठभाग मधे फुगतो. निदेशक जॉब हातात घेतात, त्यावर ट्राय स्क्वेअर ठेवतात आणि खिडकीकडे धरतात. पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की जॉब परत. उजेड दिसेनासा होईपर्यंत हेच चालू. पुढे व्हर्निअर येतो, तो मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजतो. मग मायक्रोमीटर, तो शंभरावा. कुठल्याही प्रयोगशाळेत मोजमाप असंच करतात: किती चूक चालेल हे आधी ठरवायचं आणि त्याच्या आत येईपर्यंत थांबायचं नाही. मला वाटतं, बारावीची प्रॅक्टिकलची वही कुणाची तरी बघून उतरवणाऱ्या मुलापेक्षा हा फिटर प्रयोगाच्या जास्त जवळ असतो.

याचं मोल कळायला हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात चला. तिथं गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. या लहरी पहिल्यांदा सापडल्या त्या 14 सप्टेंबर 2015 ला, अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांत. कच्च्या नोंदींच्या गोंगाटातून त्या कशा हुडकायच्या याच्या पद्धती ज्यांनी आधीची कितीतरी वर्षं खपून तयार केल्या, त्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले संजीव धुरंधर होते. वेधशाळेला काटकोनात पसरलेले दोन हात असतात, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. प्रत्येक हात म्हणजे माणूस वाकून आत शिरू शकेल एवढ्या व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी. तिच्यातून लेसरचा झोत जातो-येतो, आणि लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो कळावा लागतो. नळीत हवा राहिली तर तिचे रेणूच झोताला धक्के देतील. म्हणून आतला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागाइतका खाली न्यायचा.

एवढ्या लांब नळीतला प्रत्येक जोड वेल्डिंगचा. या कामाला वर्कशॉपात नुसतं ‘आर्गन’ म्हणतात. वितळलेल्या पोलादाला हवेतला ऑक्सिजन लागला तर जोड खराब होतो, त्यात बारीक छिद्रं राहतात. म्हणून वितळत्या जागेवर आर्गन वायूचा झोत सोडतात. आर्गन कशाशीच संयोग पावत नाही, तो फक्त हवा दूर ठेवतो. जोड थंड झाल्यावर रंगावरून काम कळतं. फिकट सोनेरी असेल तर ठीक. निळा-काळा झाला तर हात रेंगाळला किंवा आर्गन कमी पडला. मग हेलियमची चाचणी. नळीतली हवा पंपानं ओढून घ्यायची, बाहेरून जोडावर हेलियम फवारायचा आणि आत हेलियम दिसतो का हे यंत्रावर बघायचं. हवेत हेलियम जेमतेम दहा लाखांत पाच भाग, शिवाय त्याचा अणू अतिशय लहान. तेव्हा आत हेलियम दिसला की गळती आहेच. चार किलोमीटरमध्ये कुठेतरी राहिलेलं केसाहून बारीक छिद्रसुद्धा सगळ्या प्रयोगाला पुरेसं घातक. विश्वात कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली हे समजायचं असेल, तर त्याआधी कुणाचा तरी हात त्या जोडावर स्थिर राहिलेला असला पाहिजे.

नारायणगावजवळच्या खोडदचंही असंच. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या; सगळ्यांत लांबच्या दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे 25 किलोमीटर. तबकडी लांबून भरीव दिसते. जवळ गेलं की कळतं, ती बारीक तारेची जाळी आहे. तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्यांची लांबी वीस सेंटिमीटर आणि त्याहून जास्त, त्यामुळे एवढी भोकं त्यांच्या खिजगणतीत नसतात. लहर जाळीवरून भिंतीवर आपटल्यासारखी परतते. वारा मात्र आरपार निघून जातो. म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च पुष्कळ वाचला. कल्पना शास्त्रज्ञाची. ती जाळी ताणून बरोबर आकारात बसवणं, तबकडी फिरवणाऱ्या मोटारी-गिअर वर्षानुवर्षं नीट ठेवणं, उन्हापावसात वर चढून रिसीव्हर उतरवणं, हे तंत्रज्ञांचं काम. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ इथं वेळ मागतात, आणि तो वेळ त्यांच्या हाती पडतो तो या कामामुळे.

आयटीआयची वाट तिथेच संपते असाही एक समज आहे, तो काढून टाकायला हवा. दहावीनंतर संबंधित ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय केला की तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमा करून आलेल्या मुलांना पदवीचं गणित सुरुवातीला जड जातं, हे खरं. पण यंत्रासमोर उभं केलं की बारावीवरून आलेल्यांना तीच मुलं शिकवतात. मधे कारखान्यात शिकाऊ उमेदवारीही करता येते. 1961 च्या कायद्यानं ती मोठ्या आस्थापनांना बंधनकारक आहे आणि 2019 च्या नियमांत शिक्षणानुसार महिना किमान पाच ते नऊ हजार रुपये विद्यावेतन ठरवलेलं होतं. इथं सावध मात्र राहावं. काही ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला कामगार. वर्षभर एकाच मशीनवर एकच काम करून घेतात आणि शिकवत काहीच नाहीत. काही आयटीआयमध्ये लेथ जुनाट आहेत, निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत. प्रवेश घेण्याआधी शिकणाऱ्या दोन-तीन मुलांना गाठून विचारावं: मशीनवर हात किती वेळ मिळतो? बाकी माहितीपत्रकापेक्षा या उत्तरावर जास्त विसंबावं.

हातानं शिकणं आणि डोक्यानं शिकणं अशी फारकत मान्य नसलेला एक माणूस शिरूर तालुक्यातल्या पाबळला येऊन राहिला. डॉ. श्रीनाथ कालबाग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट करून आले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलं आणि 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, नापास झालेली मुलं तिथं येत. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया हे सगळं खरं काम करत शिकायचं, आणि केलेल्या कामाचे पैसेही मिळायचे. पाण्याचा पंप बसवताना दाब म्हणजे काय ते कळतं, कोंबड्यांना खाद्य देताना टक्केवारी पक्की होते. 1993 च्या भूकंपानंतर लातूर भागात या आश्रमाचे घुमट बांधले गेले. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक 2002 च्या सुमारास याच गावात आली. संगणकावर आराखडा काढून तिथल्या तिथं वस्तू बनवणारी यंत्रं पाबळच्या मुलांनी पुष्कळ शहरी कॉलेजांच्या आधी हाताळली. आश्रमाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे, आणि त्याच विचारातून निघालेला आयबीटी हा विषय आठवी ते दहावीच्या शाळांत आठवड्यातून एक दिवस शिकवला जातो. हा विषय घेणाऱ्या शाळा अजून फार थोड्या आहेत, याची मला मनापासून खंत वाटते. मुलाला यंत्राची आवड आहे की नाही हे चौदाव्या वर्षी कळलं, तर दहावीनंतरचे निम्मे घोळ टळतील.

आता बीएस्सीकडे. बीएस्सी करून बसावं लागतं, हे केव्हा खरं ठरतं? तीन वर्षं नुसती परीक्षेपुरती घालवली तर. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच जॅम ही परीक्षा देता येते. आयआयटीमध्ये एमएस्सी करायची ती या परीक्षेतून. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अर्थशास्त्र असे सात विषय. वयाची अट नाही, त्यामुळे उशिरा जाग आलेल्यालाही हे दार उघडं असतं. जेईईला हुकलेली आयआयटी इथं तीन वर्षांनी पुन्हा गाठता येते, आणि यावेळी आवडत्या विषयासाठी. एमएस्सीनंतर नेट, गेट, जेस्ट अशा परीक्षांतून पीएचडी.

आणि आता वडिलांच्या प्रश्नाकडे परत, कारण इथं फार मोठा गैरसमज आहे. विज्ञानातल्या पीएचडीला घरून पैसे लागतात असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात राष्ट्रीय संस्थांत विद्यार्थ्यालाच पैसे मिळतात. केंद्र सरकारनं 2023 पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप महिना 37 हजार रुपये केली, दोन वर्षांनी ती 42 हजार होते, शिवाय वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता. साधारण बावीस-तेविसाव्या वर्षी हे सुरू होतं. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती यांच्याही पीएचडीच्या फेलोशिप आहेत. त्यांसाठी विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावं लागल्याचंही आपण पाहिलं आहे, तेव्हा हाती आदेश पडेपर्यंत दुसरा आधार ठेवावा.

थोडीशी रक्कमही केवढं काम करते, याचं उदाहरण रघुनाथ माशेलकरांचं. गोव्यातल्या माशेलात जन्म, वडील लवकर गेले, आई मुंबईत काबाडकष्ट करून घर चालवायची. बोर्डात अकरावे आले तरी पुढे शिकता येईल की नाही याची शाश्वती नव्हती. दोराबजी टाटा ट्रस्टची महिना 60 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि शिक्षण चालू राहिलं. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि सीएसआयआरचे महासंचालक. या 60 रुपयांचा उल्लेख ते स्वतः जाहीरपणे करत आले आहेत. त्या वेळी या शिष्यवृत्तीची खबर त्यांच्यापर्यंत पोचली नसती तर?

पीएचडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती पाच-सहा वर्षं चालते. त्यानंतर बहुतेकांना दोन-चार वर्षं तात्पुरत्या नेमणुकांवर काढावी लागतात, बऱ्याचदा परदेशात. विद्यापीठांत नि संस्थांत कायमच्या जागा कमी निघतात, आणि तिशी उलटली तरी स्थिर नोकरी नाही असे हुशार लोक पुष्कळ आहेत. औषध कंपन्या, बियाणं कंपन्या, डेटाचं काम, पेटंट कार्यालयं, विज्ञानशिक्षण अशा ठिकाणी त्यांतले बरेच जण चांगलं काम करतात. संशोधक व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीनं हे आधीच ऐकून ठेवावं आणि तरी जावंसं वाटलं तर खुशाल जावं.

मुलींच्या बाबतीत घरातला हिशेब अजूनही वेगळा असतो. पाच वर्षांची पीएचडी म्हटलं की लग्नाचं वय मधे येतं. कमला सोहोनी 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना आधी नकार दिला होता. त्यांनी हट्टानं प्रवेश मिळवला आणि 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. आज संस्थेचं दार कुणी अडवत नाही, अडवतं ते घरच. पैशाची सबब तर आता पुरती लंगडी झाली आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या राखीव आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण नि परीक्षा शुल्क राज्य सरकारनं 2024-25 पासून पूर्ण माफ केलं आहे. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग त्यात आलं.

शाळकरी मुलांच्या पालकांना एकच सुचवीन. स्पर्धा-परीक्षांच्या क्लासात घालण्याआधी त्यांना विज्ञान चालू असलेली जागा दाखवा. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदची दुर्बीण सगळ्यांसाठी खुली असते. शाळा-कॉलेजांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि तिथं काम करणारे लोक समोर उभं राहून उत्तरं देतात. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 साली स्थापन झालेलं. विज्ञान ऑलिम्पियाडचं देशातलं केंद्र तेच. 2025 च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईत भरलं तेही त्याच्याच यजमानपदाखाली. पुण्यात आयुकाचं मुक्तांगण आहे, टाकाऊ वस्तूंतून शास्त्रीय खेळणी तिथं मुलांच्या हातून होतात.

शेवटी कागदपत्रं, कारण मुलं इथंच अडकतात. राज्याच्या प्रवेशांसाठी काढलेला नॉन-क्रीमिलेअरचा दाखला आयसरला किंवा अणुऊर्जा खात्याच्या भरतीला चालत नाही. ओबीसी असल्यास केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, आणि पुष्कळ संस्था तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेला मागतात. राज्याच्या यादीत आहे पण केंद्राच्या यादीत नाही अशी जात असेल तर केंद्रीय भरतीत तो लाभ नाही. राज्याचं एसईबीसी आरक्षणही तिथं लागू नाही, त्या मुलांनी पात्र असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, रहिवासी दाखला या सगळ्यांसाठी जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो. जे वर्षाला बांधलेलं नाही ते बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच करून ठेवावं. जे बांधलेलं आहे त्याचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यावा.